मोसंबी की आंबा, ते ठरायचंच राहिलं

अक्का,

काल सगळे गेले. तुमच्या सुवर्णाची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, धुरळा खाली बसला, आणि मी सवयीनं मागं वळून म्हणाले, "उन्हं उतरली, पाइप सोडायचा का?" ओसरी रिकामी होती. तुमची बाज कौसाबाईनं धुऊन भिंतीला उभी करून ठेवली होती. माझा आवाज मलाच ऐकू आला. मग मी पाइप सोडायला गेले आणि हौदापाशी जाऊन नुसती उभी राहिले. कुठून सुरुवात करायची हे मला कधी ठरवावंच लागलं नव्हतं. तुम्ही ओसरीतून ओरडायचात, मी पाइप घेऊन पळायची.

गेल्या काही दिवसांत भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगत होते, अक्का माझी मोठी जाऊ. ऐकणारा मान हलवायचा. जावा म्हटलं की लोकांना वाटण्या आठवतात, वेगळ्या चुली आठवतात. आपली गोष्ट त्यांना कुठून सांगायची? तुम्ही जाफराबादेकडच्या या गावाबाहेरच्या शेतातल्या घरात, मी जालन्याला मस्तगडात दोन खोल्यांत, शाळेची नोकरी करणारी. तुमचे हे नि माझा मोहन, दोघं भाऊ हयात होते तोवर आपण सणावारी भेटायचो, एकमेकींच्या भाजीला नावं ठेवायचो, बास. आधी तुमचे हे गेले. शेत कौसाबाईच्या नवऱ्याला बटईनं लावून दिलं, आणि घराभोवतीची बाग तेवढी तुम्ही स्वतःकडे ठेवलीत. पुढं मोहन गेला. मी जालन्याच्या घरात दार लावून बसले होते तेव्हा तुमचा फोन आला. मला वाटलं, आता समजूत घालतील.

"मास्तरीण, शाळेला सुट्टी लागली ना? मंग ये इकडं. मोगरा सुटलाय नुसता, वेचायला माणूस न्हाई."

एवढंच. मी आले. तुम्ही पाणी दिलंत, चहा दिलात आणि हातात खुरपं दिलंत. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी मी वांग्याच्या वाफ्याशी बसल्या बसल्या रडायला लागले, तर तुम्ही लिंबाच्या आळ्यातून मान वर न करता म्हणालात, "रड, रड. पण जरा पुढं सरकून रड, त्या कोपऱ्यात पाणी पोचून न्हाई राह्यलं."

मी रडता रडता हसले. मोहन गेल्यानंतर पहिल्यांदा हसले, अक्का. संध्याकाळी तुम्ही माझ्या हाताला तेल लावलंत आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. मीही नाही बोलले. दरवर्षी वाटायचं, या सुट्टीत सांगू. असं तोंडावर कसं सांगायचं ते सुचायचं नाही, आणि तुम्ही ऐकूनही घेतलं नसतंत. "मोटर चालू कर जल्दी, लाइट जाईल," म्हणाला असतात.

त्यानंतरच्या सगळ्या सुट्ट्या इथंच गेल्या. शाळेचा निकाल लागला की मी एसटीनं जाफराबाद आणि तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं इथवर. उजाडायच्या आत आपण बागेत. झाडांची आळी उकरायची, पाणी द्यायचं, वरून सोयाबीनचं भुसकट पसरायचं, म्हणजे ओल टिकते. ऊन चढलं की आत. दुपारभर कुरडया नाहीतर पापड नाहीतर नुसती झोप. न्हाणीतलं पाणी केळीला, भांड्यांचं पाणी शेवग्याला, आणि तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. मी एकदा ते मोरीत ओतलं तर तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नव्हतात.

तशा आपण भांडायचोही पोटभर. माझी निळी सुती साडी तुम्ही कोथिंबिरीवर सावलीला बांधलीत, त्या वेळी तर मी बॅग भरायला घेतली होती.

"अहो, चांगली साडी होती ती!"

"विरली होती."

"कुठं विरली होती? दिवाळीला घेतली होती मी!"

"मंग आता विरंल," तुम्ही म्हणालात आणि उठून गेलात.

ती साडी अजून आहे. उन्हानं पांढरी पडली आहे. या वर्षी ती वाळलेल्या मिरच्यांच्या रोपांवर होती.

आणखी एक भांडण होतं, ते दरवर्षी तिथंच सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं. मी म्हणायचे, अक्का, उन्हाळाभर तरी जालन्याला चला. नळ आहे, पंखा आहे, दवाखाना जवळ आहे. तुमचा रक्तदाब वाढलाय, हे मला गेल्या सुट्टीतच कळलं होतं. चक्कर आली की तुम्ही झाडाला धरून उभ्या राहायचात आणि मी पाहिलं की त्या झाडाची कीड बघत असल्यासारखं करायचात. मी म्हणायचे, चला. तुम्ही म्हणायचात, "येते की. झाडं बसव एसटीत, मी पाठीमागून येते."

झाडं एसटीत बसत नाहीत, तिथंच भांडण संपायचं.

या वर्षी मी आले तेव्हाच विहिरीनं तळ दाखवला होता. खाली वाकून पाहिलं तर मोटरच्या फुटव्हॉल्वभोवती तेवढं पाणी, बाकी कपारी कोरड्या. रात्रभर झिरपलेलं पाणी सकाळी मोटर थोडा वेळ ओढायची आणि मग हवा घ्यायला लागायची. हौद अर्धासुद्धा भरायचा नाही. तुम्ही हौदाच्या काठावर बसून बागेकडे पाहत होतात. भाजीचे वाफे तुम्ही आधीच सोडून दिले होते. मोगऱ्याला कौसाबाई घरून कळशी आणून ओतायची. प्रश्न राहिला होता मोसंबीच्या ओळीचा आणि नवीन लावलेल्या केशर आंब्याच्या कलमांचा. पाणी दोघांना पुरणार नव्हतं.

"मोसंबी सोडू," तुम्ही म्हणालात. "तिचं झालं आता. आंबा धरू."

ती मोसंबी मोहननं लावली होती. नोकरीतून रजा काढून तो आला होता, दोघा भावांनी मिळून खड्डे घेतले होते, आणि त्या वर्षी तो जालन्याला परत आला तेव्हा त्याच्या नखांत आठवडाभर इथली काळी माती होती. हे तुम्हाला माहीत होतं. म्हणूनच तुम्ही माझ्याकडे न बघता बोललात.

मी म्हटलं, "फळं देणारी झाडं मारायची आणि काड्या जगवायच्या?"

"काड्याच मोठ्या होत्यात. भावजीनं लावली म्हणून ती काय अमर हाये का? साल सुटून राह्यली बघ खोडाची. अर्धं अर्धं पाणी घातलं तर दोन्ही जातील. एकाला तरी बराबर जगवावं."

"आणि तो आंबा खाणार कोण? सुवर्णाची पोर? ती शेवटची कधी आली इथं?"

हे बोलायला नको होतं की बोललेलं बरं झालं, मला आजही ठरवता येत नाही. तुम्हीही 'अमर' शब्द वापरला होता. तुम्ही पदर खोचलात, झारी उचललीत आणि म्हणालात, "उद्या बघू." जेवताना आपण मिठाबद्दल बोललो आणि झोपलो.

सकाळी मी चूल पेटवत होते. तुम्ही हौदापाशी होतात. पाणी सांडल्याचा आवाज आला, म्हणून आतूनच ओरडले, "अक्का, झारी वाकडी झाली बघा!" आवाज थांबला नाही. बाहेर आले तर तुम्ही हौदाला टेकून बसला होतात, झारी मांडीवर आडवी, तिच्यातलं पाणी लुगड्यावरून जमिनीवर चाललं होतं आणि तुम्ही त्या पाण्याकडे पाहत होतात. तोंड एका बाजूला ओढलं होतं. मी झारी सरळ केली. बघा, आधी झारी सरळ केली, मग तुम्हाला धरलं. या घरात राहून राहून माझंही असं झालं होतं.

जीप, जाफराबादचा दवाखाना, तिथून जालना. उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली होती. सुवर्णा पुण्याहून आली, दवाखान्यात तुमच्या उशाशी बसली, तुमचे केस विंचरले. डॉक्टर चांगले होते, पण त्यांना जे सांगता येत नव्हतं ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, वाचा येईल परत, वेळ लागेल, कदाचित नाहीही येणार. घरी न्या, ओळखीच्या जागी माणूस लवकर सुधारतं. पुण्यापर्यंतचा प्रवास एवढ्यात नको. सुवर्णाची रजा संपत आली होती. मी म्हटलं, "मला सुट्टी आहे. मी आहे ना." ती माझ्या गळ्यात पडली. मला तेव्हा खरंच वाटलं होतं की मी आहे म्हणजे काहीतरी आहे.

ओसरीत तुमची बाज टाकली, बाग दिसेल अशी. आणि पहिल्याच सकाळी, मी पाइप हातात घेतला तेव्हा, तुम्ही बोललात.

"ते... ते... ते..."

मी पळत आले. "काय अक्का? काय ते?"

"ते... ते."

डावा हात उचललात आणि बागेच्या दिशेनं सोडलात. कुठं ते कळेना. "मोसंबी?" तुम्ही डोळे मिटून घेतलेत. "आंबा? आंब्याला घालू?" तुम्ही मान हलवलीत, पण ती मान हो म्हणताना आणि नाही म्हणताना सारखीच हलत होती. "मोटर? मोगरा? ऊन लागतंय का? बाज आत घेऊ?" तुमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी जन्मभर मुलांना वाचायला शिकवत आले. अडखळणारं मूल काय म्हणू पाहतंय हे मला अर्ध्या शब्दावरून कळतं. तुमचं काही कळलं नाही.

रोज हेच. मी पाइप घेतला की "ते, ते". मी चमच्यानं पेज भरवायला बसले की डोळे माझ्या खांद्यावरून मागं, बागेत. मी मुलांच्या चित्रांच्या पुस्तकासारखं एकेक झाडाचं पान तोडून तुमच्यासमोर धरलं. मोसंबीचं पान तुम्ही हातात घेतलंत, चुरडलंत, नाकाशी नेलंत. आंब्याचंही तेच केलंत. मी विचारलं, "कोणतं?" तुम्ही दोन्ही पानं माझ्या हातात ठेवलीत आणि मूठ बंद केलीत माझी.

तुमचं मत बदललं होतं का, अक्का? मी दुखावले म्हणून मोसंबी जगव म्हणत होतात? की अजूनही आंबाच धर, मास्तरीण, ऐक माझं, असं म्हणत होतात? झटका यायच्या आदल्या दिवशी तुमचा शब्द आंब्याचा होता. तो पाळावा तर तुम्ही मोसंबीकडे बोट करताय असं वाटायचं. मोसंबीला पाणी घालायला जावं तर पाठीमागून "ते, ते" वाढायचं, आणि मी थांबायची.

मग मी तेच केलं जे करू नको म्हणाला होतात. अर्धं अर्धं. एक दिवस इकडं चार बादल्या, दुसऱ्या दिवशी तिकडं चार. दोन्हीकडची पानं दुपारी मिटायची. कौसाबाई कुंपणापलीकडून बघायची. एकदा मात्र न राहवून म्हणाली, "मास्तरीणबाई, असं केलं तर कायबी हाताला लागायचं न्हाई."

"मग तू सांग, कोणाला घालू?"

ती कळशी कमरेवर घेऊन उभी राहिली. "माझं झाड असतं तर सांगितलं असतं," ती म्हणाली आणि गेली.

शेवटी वाटलं, तुम्हाला जवळ न्यावं. झाडापाशी गेलात तर हात लावून दाखवाल. एका संध्याकाळी उन्हं कलल्यावर कौसाबाईचा नवरा आणि आणखी तिघं जण आले आणि त्यांनी तुम्हाला बाजेसकट उचलून बागेत नेलं. तुमचं वजन किती कमी झालं होतं, ते त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. मोसंबीच्या ओळीशी थांबलो. मी म्हटलं, "हे, अक्का?" तिथून कलमांपाशी नेलं. "की हे?" तुम्ही बघितलंत. खूप वेळ बघितलंत. फांदीला हात लावला नाहीत. माणसं घामाघूम होऊन उभी. मग तुम्ही माझ्याकडे वळलात आणि डाव्या हाताचा तळवा खाली दाबून दाखवलात. परत एकदा दाबून दाखवलात.

"बस म्हणत्यात," कौसाबाईचा नवरा म्हणाला.

मी तिथंच ढेकळांत बसले. तुम्ही हात पुढं केलात, मी तो धरला. माणसं बाजूला जाऊन बिड्या ओढत बसली. आपण अंधार पडायला लागेपर्यंत तशाच होतो, तुम्ही बाजेवर, मी खाली. त्या संध्याकाळी तुम्ही एकदाही "ते" म्हणाला नाहीत. मला वाटलं, कळलं. मला इतकं बरं वाटलं होतं, अक्का, की रात्री मी पोटभर जेवले.

नंतर विचार करत राहिले. बस म्हणजे काय? मास्तरीण, दमलीस, खाली बस? की आता बस, पुरे झालं, जाऊ दे दोन्ही? की आणखी काही, जे सांगायला तुमच्याजवळ तेवढा हातच उरला होता? सकाळी विचारीन म्हटलं. पण सकाळी तुम्हाला ग्लानी होती, आणि त्यानंतर ती पुरती उतरलीच नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी चहा भरवत होते. आलं घातलेला, तुम्हाला आवडायचा तसा गोड. दोन चमचे गेले. तिसरा ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आला. मी पदरानं पुसला आणि चौथा भरून धरला. "घ्या ना," मी म्हणत राहिले. कौसाबाईनं येऊन माझ्या हातातला चमचा काढून घेतला.

माणसं आली. जो तो म्हणत होता, सुटल्या. माझ्या ओठांवर आलं होतं की सुटल्या कशानं, अडकल्या होत्या कुठं? ते ऐकून तुम्ही चिडला असतात तर मला बळ आलं असतं. मी सगळ्यांना पाणी देत राहिले. बागेला द्यायचं पाणी पाहुण्यांना गेलं, हात धुवायला, पाय धुवायला, भांड्यांना. मी ते अडवू शकत नव्हते. न्हाणीच्या नळीतून केळीला मात्र पोटभर मिळालं. या वर्षी तेवढी केळ हिरवीगार आहे.

दिवस झाल्यावर, जायच्या आदल्या दुपारी, सुवर्णा माझ्यापाशी येऊन बसली. ती तुमच्यासारखी गुडघा उभा धरून बसते, तुम्हाला माहीत आहे ना? मी या वेळी पहिल्यांदा पाहिलं.

"काकू, आई शेवटी काय म्हणत होती?"

"ते, ते म्हणायच्या."

"म्हणजे काय पण?"

तिला काहीतरी देता आलं असतं. तुझं नाव घ्यायला बघत होत्या, असं म्हणता आलं असतं. ती आयुष्यभर ते जवळ ठेवून राहिली असती. माझ्या जिभेवर होतं. पण समोर तुमचा गुडघा उभा होता.

"मला नाही कळलं गं," मी म्हटलं. "खूप प्रयत्न केला. नाही कळलं."

ती रडली नाही. माझा तळहात उलटा करून बघत बसली. पाइप ओढून ओढून पडलेले घट्टे होते, त्यांवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझी पोर आंबा कापून खात नाही, काकू. चोखून खाते. आईनं शिकवलं होतं तिला." मला हे माहीत नव्हतं. मी ज्या तोंडानं 'ती शेवटची कधी आली' असं विचारलं होतं, ते तोंड पदरात घातलं.

किल्ली ती माझ्याकडेच ठेवून गेली. म्हणाली, पुढचं पुढं बघू. पुढचं काय बघणार, मला माहीत नाही. शाळा उघडते आहे. मला आज निघायलाच हवं. घर बंद करायचं म्हणजे काय करतात, तेही मला नीटसं ठाऊक नाही, कारण हे घर कधी बंद नव्हतंच. धान्याच्या कोठीला झाकण लावलं. पाखरांचं भांडं भरून कौसाबाईच्या अंगणात ठेवलं. ती म्हणाली, "जमंल तसं पाणी टाकीन झाडायला, पर माझ्याच घरी कळशीची मारामार हाये." मी तिला आणखी काय म्हणू शकत होते?

आंब्याच्या कलमांतली शेंड्याची पानं तपकिरी झालीत, खाली जीव आहे. मोसंबीची ओळ बहुतेक गेली. कडेचं एक झाड अजून पानं धरून आहे, का ते कळत नाही. आज सकाळी हौदात जेवढं होतं तेवढं सगळं मी त्या एका झाडाला घातलं. अर्धं नाही, सगळं. आळं भरून वाहायला लागेपर्यंत घातलं आणि आंब्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुम्ही असतात तर भांडला असतात. भांडा. मला भांडायला कोणी राहिलं नाही.

मोटर पुन्हा लावून बघितली. हवाच ओढत होती. बंद केली, पाइप गुंडाळला, दाराला कुलूप घातलं. पायरीवर बसून हे बोलतेय तुमच्याशी. रस्त्यावर जीपवाला केव्हाचा हॉर्न वाजवून राह्यलाय.

येते मी, अक्का.